पाट, पाळी आणि श्रमदान : पांझरा-तापी खोऱ्यातील सामूहिक जलसंवर्धनाची वाटचाल (विशेष संदर्भ : शिंदखेडा तालुका)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील पर्यावरणविषयक लोकसहभागाचा इतिहास लिहिताना बहुधा राळेगणसिद्धी व हिवरेबाजार या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील दोन गावांपासून आरंभ केला जातो. या दोन्ही गावांचे कार्य मोलाचे आहे, याविषयी दुमत नाही. तथापि त्यामुळे एक समज रूढ झाला आहे. गावाने एकत्र येऊन पाणी अडविणे ही १९७२ च्या दुष्काळानंतर सुचलेली कल्पना होय, असे मानले जाते. खानदेशाचा इतिहास या समजाला छेद देतो. पांझरा, कान, आराम, मोसम या नद्यांवर शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे स्वतःच्या नियमांनी पाणी वळविले, वाटले आणि त्यासाठी लागणारे श्रमही आपापसांत वाटून घेतले. त्या व्यवस्थेला ‘फड’ हे नाव आहे. याच पांझरेचा शेवट शिंदखेडा तालुक्यातील मुडावद येथे तापीच्या संगमात होतो आणि याच तालुक्यात २०१८ साली पाणी फाउंडेशनच्या ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ स्पर्धेच्या निमित्ताने गावकरी कुदळ-फावडी घेऊन माळावर उतरले.

फडाचा पाट आणि वॉटर कपचे चर या दोन टोकांमध्ये कोणता संबंध आहे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. दोन्हीकडे सामूहिक श्रम आहेत. मात्र त्या श्रमातून निर्माण होणाऱ्या पाण्यावर कोणाचा हक्क, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही ठिकाणी सारखे नाही.

तालुक्याची भूमी

शिंदखेडा हा धुळे जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुका. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये तो ‘विरदेल’ या नावाने आढळतो. विरदेल हे आज याच तालुक्यातील एक गाव आहे. उत्तर सीमेवरून तापी वाहते, पूर्वेकडे पांझरा येऊन मिळते आणि मधल्या भागातून बुराई व अमरावती या नद्या उतरतात. नकाशावर पाहणाऱ्यास हा तालुका जलसमृद्ध वाटावा. वस्तुस्थिती निराळी आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे पाऊस बेताचा, साधारण पाचशे ते सहाशे मिलिमीटरच्या घरात, आणि तोही अनियमित. तापीचे काठ उंच असल्याने तिचे पाणी जुन्या काळी पाटाने शेतात नेणे शक्य नव्हते. बुराई व अमरावती पावसाळ्यानंतर लवकरच आटतात. नदीकाठी राहून तहानलेले, असे या तालुक्याचे वर्णन करावे लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट जमिनीखाली आहे. तापीलगतचा गाळाचा पट्टा सोडला तर तालुक्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे आणि त्या खडकाला उभ्या भिंतींसारखे चिरत जाणारे डाईक येथे मोठ्या संख्येने आढळतात. नंदुरबार-धुळे परिसरातील डाईकांचा हा समूह भूशास्त्रज्ञांच्या परिचयाचा आहे. या भिंती साधारणपणे पूर्व-ईशान्येकडून पश्चिम-नैर्ऋत्येकडे गेलेल्या आहेत. अखंड, घट्ट डाईक भूजलाचा प्रवाह अडवितो. भेगाळलेला असेल तर तोच पाणी वाहून नेतो. परिणामी एका शेतात विहिरीला पाणी आणि बांधापलीकडे कोरडी ठणठणीत विहीर, असा प्रकार या भागात अपवादात्मक नाही. कोणत्याही जलसंधारण मोहिमेचे यश मोजताना हा भूस्तर विसरून चालत नाही. तो विसरला गेल्यानेच अनेकदा एका गावाचे यश दुसऱ्या गावाच्या आळसाचा पुरावा म्हणून मांडले जाते.

फड : नियमांनी बांधलेले श्रम

फड पद्धतीचा काळ निश्चित करणे कठीण आहे. अभ्यासक ती तीनशे ते चारशे वर्षांपूर्वीची मानतात. फारुकी राजवट १६०१ साली अकबराने असीरगड घेतल्यावर संपली. काही बंधारे त्याही आधीचे असावेत, असा अंदाज केला जातो. अठराव्या शतकाच्या अखेरची धामधूम, १८०२ नंतर होळकरांच्या स्वाऱ्या आणि त्यापाठोपाठ आलेला दुष्काळ यांनी खानदेश उजाड केला. १८१८ मध्ये कंपनी सरकारचा अंमल आला तेव्हा अनेक बंधारे पडक्या अवस्थेत होते. त्या पडझडीची नोंद पुढे गॅझेटियरनेही घेतली. या अवशेषांकडे केवळ पुराणवस्तू म्हणून पाहण्याची चूक होऊ नये. बंधारा फुटला असे म्हणताना बहुधा तो सांभाळणारी माणसे परागंदा झाली, असाच त्याचा अर्थ असे.

फडाची रचना पुढीलप्रमाणे असे. नदीच्या पात्रात दगडी बंधारा. त्याच्या एका बाजूने निघणारा पाट. पाटातून फुटणाऱ्या चाऱ्या. चाऱ्यांतून शेतात जाणारे सारंग. आणि जादा पाणी पुन्हा नदीत सोडणारा सांडम. बंधाऱ्याखाली भिजणारी सर्व जमीन बहुधा तीन किंवा चार फडांत विभागलेली असे. एका फडात त्या वर्षी एकच पीक. एकात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू किंवा अन्य हंगामी पीक. पुढील वर्षी फेरपालट. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असे. त्यामुळे ज्या फडाला त्या वर्षी पाणी कमी, त्याचा तोटा एकाच कुटुंबावर पडत नसे.

पाणी देण्याचे काम शेतकरी स्वतः करीत नसे, ही या पद्धतीतील सर्वांत लक्षणीय गोष्ट होय. ते काम पाटकऱ्याचे. तो एकामागून एक शेत भिजवीत जाई; मालक शेतावर हजर आहे की नाही, याला महत्त्व नव्हते. रात्रीच्या राखणीस जागल्या, देखरेखीस हवालदार आणि या सर्वांवर गावाने मानलेले पंच. हंगामापूर्वी पंच व शेतकरी एकत्र बसत, नदीचे पाणी पाहून कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे ते ठरवीत. पाणी कमी दिसल्यास सर्वांनीच क्षेत्र कमी करावयाचे. टंचाई वाटून घेण्याची ही रीत फडाचा आत्मा होती.

श्रमांचे काय? दरवर्षी पावसाळ्यानंतर पाटातील गाळ काढणे, चाऱ्या नीट करणे, बंधाऱ्याची डागडुजी करणे ही कामे जमीनधारकांनी आपापल्या क्षेत्राच्या प्रमाणात करावयाची असत. स्वतः येणे शक्य नसेल तर माणूस पाठवावा किंवा त्याचा मोबदला द्यावा. या कामाला कोणी ‘दान’ म्हणत नसे. ते पाळीच्या पाण्यावरील हक्काचे दुसरे अंग होते. श्रम चुकविणाऱ्याच्या पाण्यावर प्रश्नचिन्ह लागे. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथील जलन्यायालय किंवा बाली बेटावरील सुबक संस्था यांच्याशी फडाची तुलना केली जाते, ती या नियमबद्धतेमुळेच. सामूहिक साधनसंपत्ती माणसे शासनाविना व बाजाराविनाही टिकवू शकतात, हे सिद्धान्तरूपाने मांडणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पांझरेकाठच्या पंचांना त्यात नवे काही वाटले नसते.

मात्र फडाचे गौरवीकरण करताना सावधगिरी आवश्यक आहे. फड ही जमीनधारकांची संस्था होती. ज्याला जमीन नाही त्याला पाण्यावर हक्क नाही. स्त्रियांना पंचांच्या बैठकीत स्थान नव्हते. पाटकरी व जागल्या यांचे श्रम अनेकदा गावगाड्याच्या जातिबद्ध चौकटीतून येत. फडाची समता ही फडाच्या आतली समता होती. शिवाय ही व्यवस्था पांझरेच्या वरच्या अंगाला, म्हणजे साक्री व धुळे तालुक्यांत अधिक रुजली. आजच्या शिंदखेडा तालुक्याचा बहुतांश कोरडवाहू माळ तिच्या कक्षेबाहेरच राहिला. नदीच्या शेवटी असलेल्या या तालुक्याला वरच्यांनी घेऊन उरलेले पाणी मिळे. एका बंधाऱ्याच्या आतील वाटणी पंच पाहत. पण संपूर्ण नदीची वाटणी पाहणारा पंच कोण, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

फडाचा ऱ्हास

१८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने नद्यांच्या पाण्यावरील शासनाचा अधिकार दृढ केला. फड लगेच मोडले नाहीत. त्यांना एक सरकारी चौकट मिळाली आणि पाणीपट्टीची नोंद सुरू झाली. खरा धक्का विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बसला. पांझरेवर लाटीपाडा आणि कान नदीवर मालनगाव येथे धरणे झाली. नदीचा प्रवाह पावसावर अवलंबून होता तोवर त्याचा अंदाज पंच बांधीत. आता तो धरणाच्या दरवाजावर अवलंबून राहू लागला व त्याचा निर्णय कार्यालयात होऊ लागला.

त्याच काळात गावात वीज आली. विहिरीवर पंप बसला की शेतकऱ्याला पाळीची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. पंपधारक शेतकरी फडाच्या पिकाऐवजी स्वतःच्या पसंतीचे पीक घेऊ लागला. साक्री तालुक्यात भाडणे येथे पांझरा-कान सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यावर उसाची ओढ वाढली. आणि एका फडापुरता मर्यादित असलेला ऊस इतर फडांत शिरला की फेरपालट कोलमडते. वारसाहक्काने तुकडे होत गेल्याने प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात ही जुनी रचनाही राहिली नाही. गाळ काढण्यास येणाऱ्यांची संख्या घटली. फड मोडले ते कोणी मोडले म्हणून नव्हे. माणसांना परस्परांची गरज उरली नाही, म्हणून ते मोडले.

पुण्यातील काही अभ्यासकांनी १९८० च्या दशकात फडांची पाहणी केली आणि १९९७ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने भारतातील पारंपरिक जलव्यवस्थांवर काढलेल्या ग्रंथात त्यांना स्थान मिळाले. एखादी व्यवस्था देशभर प्रसिद्धीस यावी आणि त्याच सुमारास तिच्या गावात ती विस्मरणात जावी, हा योगायोग इतिहासात वरचेवर आढळतो.

दुष्काळ, खडी आणि ‘श्रमदान’

१९७२ च्या दुष्काळात खानदेशातील हजारो हात सरकारी कामांवर होते. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडणे ही त्या कामांची रूपे. वि. स. पागे यांच्या संकल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळाले. जलसंधारणाच्या इतिहासात या कामांची गणना अनेकदा केली जात नाही, कारण ते ‘लोकसहभागा’च्या व्याख्येत बसत नाहीत, मजुरी घेऊन केलेले काम ते. वस्तुतः तालुक्यातील जुन्या पाझर तलावांचे व बांधांचे मोठे श्रेय याच मजुरांना, आणि त्यांत मोठ्या संख्येने असलेल्या स्त्रियांना द्यावयास हवे. भूजलाचा शास्त्रीय अभ्यास करणारी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हीदेखील त्याच वर्षाची निर्मिती.

‘श्रमदान’ हा शब्द यापूर्वीच रूढ झालेला होता. विनोबांच्या १९५१ पासूनच्या भूदान चळवळीने आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या समूह विकास कार्यक्रमाने तो खेड्यापाड्यांत नेला. विनोबांचे धुळ्याशी असलेले नाते सर्वश्रुत आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दिलेली गीतेवरील प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली. शरीरश्रमाला प्रतिष्ठा देणाऱ्या विचाराची मुळे या भूमीत अशी खोल आहेत. राळेगणसिद्धीच्या पंचसूत्रीत नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी यांच्याबरोबर श्रमदान आले आणि १९९२ मध्ये आदर्श गाव योजनेने ही सूत्रे शासकीय कार्यक्रमात आणली. महाविद्यालयांपुरते बोलावयाचे तर १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरांनी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून नाल्यावर रचलेला वनराई बंधारा हे एक परिचित दृश्य बनविले. असा बंधारा पहिल्या मोठ्या पुरात वाहून जातो, हे खरे. त्याचा लाभ पाण्यापेक्षा विद्यार्थ्यांना अधिक होतो, असे म्हणण्यास हरकत नसावी.

शब्दाकडे मात्र लक्ष दिले पाहिजे. फडातील श्रम ही ऋणाची फेड होती, रोजगार हमीतील श्रम हा मजुरीचा करार होता आणि श्रमदान हे दान आहे. दान देणाऱ्याचा दिलेल्या वस्तूवर हक्क राहत नाही. या तीन प्रकारच्या श्रमांतून अडविलेल्या पाण्याचे पुढे काय झाले, हे पाहताना हा भेद उपयोगी पडतो.

वनराखणीची दोन गावे

धुळे जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेले दोन प्रयोग येथे विचारात घेणे आवश्यक आहे; कारण त्यांत फडाप्रमाणे नियम आहेत. साक्री तालुक्यातील बारीपाडा हे कोकणा आदिवासींचे लहानसे गाव. १९९० च्या दशकाच्या आरंभी चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने व वनवासी कल्याण आश्रमाच्या साहाय्याने गावाने भोवतालचे सुमारे ११०० एकर वन राखण्याचा निर्णय घेतला. वनातून काय आणावे, केव्हा आणावे, नियम मोडल्यास दंड किती, हे गावाने ठरविले. राखणदार गावाने नेमले. जंगल वाढले तसे झऱ्यांचे व विहिरींचे पाणी टिकू लागले. २००४ पासून तेथे भरणाऱ्या वनभाजी स्पर्धेत गावातील स्त्रिया रानभाज्या शिजवून मांडतात. हा उपक्रम वरवर पाहता उत्सवी वाटेल. प्रत्यक्षात तो वनातील वनस्पतींची दरवर्षी होणारी गावपातळीवरील मोजदादच होय. एखादी भाजी ताटात दिसेनाशी झाली तर ती रानातूनही गेली की काय, हे गावाला कळते. चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

दुसरे गाव धुळे तालुक्यातील लामकानी. डॉ. धनंजय नेवाडकर यांच्या प्रेरणेने येथील ग्रामस्थांनी उघड्या डोंगरावर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी अमलात आणली. प्रारंभी चर व बांध झाले, पण खरा पालट गवताने घडविला. लामकानीचा प्रदेश शिंदखेड्यासारखाच कोरडा आहे. तेथे घनदाट अरण्याची अपेक्षा करणे निसर्गाच्या विरुद्ध ठरेल. माळाचे गवत हेच येथील मूळ वन, हे ओळखून काम झाले. गवत वाढल्यावर ते कापून नेण्याची मुभा गावाला मिळाली. म्हणजे राखणीचा मोबदला राखणाऱ्यांनाच मिळाला.

या पार्श्वभूमीवर शासकीय वृक्षलागवडीचे कार्यक्रम पाहावेत. १९५० मध्ये क. मा. मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. महाराष्ट्रात २०१६ साली एका दिवसात दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी असे उद्दिष्ट चढत गेले. २०२० पासून ‘माझी वसुंधरा’ अभियानाने गावांना पर्यावरणाच्या निकषांवर गुण देण्यास आरंभ केला. रोप लावण्याचा दिवस ठरतो. ते राखणाऱ्याचे नाव ठरत नाही. बारीपाड्याला लावण्यापेक्षा राखणे आधी सुचले, हाच काय तो फरक.

शिरपूर : यंत्राचा मार्ग

तापीच्या उत्तर तीरावर, शिंदखेड्याच्या समोर, शिरपूर तालुका आहे. तेथे २००४ पासून भूजल यंत्रणेतील निवृत्त भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली व तत्कालीन आमदार अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळाने नाले रुंद व खोल करण्याचे व त्यांवर दरवाजे नसलेले सिमेंट बंधारे साखळीने बांधण्याचे काम झाले. सातपुड्याच्या पायथ्याशी व तापीच्या गाळाच्या पट्ट्यात चिकणमातीचे थर पाण्याला खाली जाऊ देत नाहीत. ते कापले तर खालच्या वाळूच्या थरांत पाणी मुरते. हे या कामामागील तत्त्व. खोल गेलेली भूजलपातळी वर आल्याने ‘शिरपूर पॅटर्न’ राज्यभर गाजला.

त्याची नक्कल मात्र भूस्तर न पाहता झाली. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरणास अनेक ठिकाणी अवाजवी महत्त्व मिळाले. भूजलतज्ज्ञांनी यावर आक्षेप घेतले, प्रा. एच. एम. देसरडा यांनी उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. गाळाच्या प्रदेशात योग्य असलेला उपाय बेसाल्टच्या कातळात निष्फळ किंवा अपायकारक ठरू शकतो. नाल्याचा तळ फोडून उथळ भूजल उघडे पडले तर ते मुरण्याऐवजी बाष्पीभवनाने जाते. तापीच्या दोन तीरांवरील दोन तालुके शेजारी असले तरी त्यांची भूमी एक नाही, हे शिंदखेड्याच्या दृष्टीने निर्णायक आहे. शिरपूरच्या कामात लोकसहभाग किती, हाही एक प्रश्न. तेथे निधी, यंत्र व शास्त्र होते. श्रमदान जवळजवळ नव्हते. त्यामुळे ते काम कमी ठरत नाही. परंतु त्याला लोकचळवळ म्हणणे अचूक होणार नाही.

पंचेचाळीस दिवस

पाणी फाउंडेशनची स्थापना २०१६ मध्ये आमीर खान, किरण राव व सत्यजित भटकळ यांच्या पुढाकाराने झाली. पहिल्या वर्षी वरूड, अंबाजोगाई व कोरेगाव हे तीनच तालुके स्पर्धेत होते. २०१७ मध्ये ते तीस झाले आणि २०१८ मध्ये पंचाहत्तर. या वाढीत शिंदखेडा तालुकाही आला. ८ एप्रिल ते २२ मे हा पंचेचाळीस दिवसांचा काळ. खानदेशात पारा चाळिशी ओलांडतो तो हा काळ. स्पर्धेपूर्वी प्रत्येक गावातील निवडक स्त्री-पुरुषांना पाणलोटाचे प्रशिक्षण दिले जाई. माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करावे, उताराचे मोजमाप कसे घ्यावे, समतल चर कोठे व दगडी बांध कोठे, हे गावकऱ्यांना शिकविण्यात आले. गुणांकनात हाताने केलेल्या कामाला स्वतंत्र स्थान होते. यंत्राच्या कामाला वेगळे. रोपवाटिका, शोषखड्डे व गावाचा पाण्याचा ताळेबंद यांनाही गुण होते. १ मे २०१८ रोजी झालेल्या महाश्रमदानात शहरांतील ‘जलमित्र’ खेड्यांत गेले.

या मोहिमेचे मूल्यमापन करताना दोन टोकांची मते आढळतात. काहींना ती चित्रपटसृष्टीच्या प्रसिद्धीचा प्रकार वाटली, तर काहींना ग्रामीण महाराष्ट्रातील क्रांती. दोन्ही मते घाईची आहेत. उन्हाच्या आधी पहाटे व उन्हे उतरल्यावर सायंकाळी माळावर जाणे, जातीपातीची व पक्षांची तटबंदी काही आठवडे का होईना ओलांडणे, स्त्रियांनी गावसभेत मोजमापाची भाषा बोलणे, ही लहान गोष्ट नव्हे. फडाच्या बैठकीत जिला जागा नव्हती ती स्त्री येथे प्रशिक्षित म्हणून उभी राहिली. इतिहासाच्या दृष्टीने हा बदल चरांच्या घनमीटरपेक्षा अधिक टिकाऊ असण्याची शक्यता आहे.

तरीही एक उणीव राहते आणि ती या उपक्रमाच्या रचनेतच आहे. स्पर्धा पावसापूर्वी संपते. पाण्याचा प्रश्न पावसानंतर सुरू होतो. समतल चरात मुरलेले पाणी जमिनीखालून चालत जाऊन कोणाच्या तरी विहिरीत उतरते. माथ्यावर चर खणणाऱ्यांत भूमिहीन मजूर होते, कोरडवाहू शेतकरी होते, शाळकरी मुले होती; ज्याच्या विहिरीत वा कूपनलिकेत पाणी आले तो बहुधा नाल्याकाठचा बागाईतदार. त्याने त्यावर कोणते पीक घ्यावे, किती उपसावे, याचा नियम गावाने केला नसेल तर श्रमदानाचे पाणी सर्वांत खोल कूपनलिकेकडे जाते. शिंदखेड्यासारख्या डाईकांच्या प्रदेशात तर लाभ कोणत्या बाजूला जाईल, हे भूमीच ठरविते. स्पर्धेच्या संयोजकांनाही ही अडचण उमगली असावी. कारण पुढील ‘समृद्ध गाव’ स्पर्धेत पाण्याच्या व्यवस्थापनाला व त्यानंतर २०२२ पासूनच्या ‘फार्मर कप’मध्ये शेतकरी गटांनी एकत्रितपणे पिकाचे नियोजन करण्याला महत्त्व देण्यात आले. एका पिकासाठी एकत्र येणारा गट ही फडाची फार दूरची, पण ओळखू येणारी छाया आहे.

वाटणीचा प्रश्न

या प्रश्नाला महाराष्ट्राने यापूर्वी एक धाडसी उत्तर दिले होते. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७४ मध्ये पाणी पंचायतीचा पाया घातला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार द्यावे, प्रतिमाणशी अर्धा एकर व कुटुंबास कमाल अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा आणि ऊस वर्ज्य, असे तिचे नियम होते. फडात जे नव्हते ते येथे होते. हा प्रयोग सर्वत्र पसरला नाही, याचे कारण तो अव्यवहार्य होता असे नाही. पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा करणे ज्यांच्या हिताचे नव्हते, त्यांच्याच हाती गावाचे निर्णय होते.

कायद्यांची वाण नाही. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातले. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना कालव्याचे पाणी घनमापाने घेऊन आपसांत वाटण्याचा अधिकार दिला. फडाच्या पंचांचे काम कायद्याच्या भाषेत पुन्हा लिहिले गेले, असे म्हणता येईल. २००९ चा भूजल अधिनियम २०१४ मध्ये अमलात आला आणि अधिसूचित क्षेत्रात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना प्रतिबंध करण्याची तरतूद त्यात आहे. गावात रात्री येऊन सकाळपर्यंत कूपनलिका खोदून जाणाऱ्या गाडीला हे कलम दाखविणारा मात्र क्वचितच भेटतो.

तापीवरील सुलवाडे बॅरेजने शिंदखेड्याच्या उंच काठाखाली पाणी साठविले. ते वर उचलण्यासाठी सहकारी उपसा सिंचन योजना निघाल्या आणि तापीकाठच्या अशा अनेक योजना थकीत वीजबिले व नादुरुस्त पंप यांमुळे बंद पडल्या. येथेही अडचण पाण्याची नव्हती. खर्च कोणी किती उचलावा आणि पाळी कोणी लावावी, हे ठरविणारी व टिकणारी संस्था उभी राहिली नाही. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळे येथे पंतप्रधानांच्या हस्ते निम्न पांझरा (अक्कलपाडा) प्रकल्पाचे लोकार्पण आणि सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा सिंचन योजनेचे भूमिपूजन झाले. तापीचे पुराचे पाणी उचलून शिंदखेडा व धुळे तालुक्यांतील कोरडवाहू जमिनीला देण्याची ही योजना आहे. जो माळ फडाच्या कक्षेत कधी आला नाही, त्यावर प्रथमच पाटाचे पाणी येण्याची शक्यता तिने निर्माण केली आहे.

हवामानबदलाच्या चर्चेत पावसाच्या बदलत्या स्वरूपाचा उल्लेख वारंवार येतो. तेवढाच पाऊस कमी दिवसांत पडणे आणि दोन पावसांत दीर्घ खंड पडणे, हे शिंदखेड्याच्या शेतकऱ्याला नवे नाही. त्याची तीव्रता नवी आहे. अशा काळात पाणी साठविण्याच्या क्षमतेइतकीच टंचाई वाटून घेण्याची क्षमता महत्त्वाची ठरते. पांझरेकाठी हंगामापूर्वी पंच बसत आणि नदी पाहून सर्वांचे क्षेत्र सारखे कमी करीत, तेव्हा त्यांच्याजवळ पर्जन्यमापक नव्हते की ताळेबंदाचे कोष्टक. शिंदखेडा तालुक्यातील ज्या गावांनी २०१८ मध्ये पाण्याचा ताळेबंद मांडला, त्यांच्याजवळ ही दोन्ही साधने आली. त्या ताळेबंदावरून रब्बीत कोणी किती पेरावे हे ठरविण्याचा अधिकार मात्र ग्रामसभेने अद्याप वापरून पाहावयाचा आहे.